सावरलेल्याची साक्ष

१९८३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ‘डिफरंट स्ट्रोक्स’ या लोकप्रिय विनोदी मालिकेने लहान मुलांच्या लैंगिक शोषणावर दोन भागांची कथा दाखवली. सायकलींचे दुकान चालवणारा एक गोडबोल्या माणूस मुलांना जाळ्यात कसा ओढतो, हे त्यात होते. घरातली सगळी माणसे एकत्र बसून टीव्ही पाहत असताना हा विषय काढणे त्या काळी धाडसाचे होते आणि त्या धाडसाचे कौतुकही झाले. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी नॅन्सी रेगन स्वतः मालिकेच्या एका भागात आल्या. मुलांनी अमली पदार्थांना ठामपणे नकार द्यावा, हा त्यांच्या मोहिमेचा संदेश त्यांनी मालिकेतल्या शाळकरी मुलांना दिला.

मालिकेत थोरल्या भावाचे, विलिसचे काम करणारा टॉड ब्रिजेस तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्या दोन भागांत जे काल्पनिक होते, ते त्याने वयाच्या अकराव्या वर्षाच्या आसपास प्रत्यक्ष सोसले होते. सोसायला लावणारा माणूस त्याची प्रसिद्धी सांभाळणारा, घरी येऊन-जाऊन असणारा, घरच्यांच्या विश्वासातला होता. मुलाने धीर करून घरी सांगितले. आईने विश्वास ठेवला. वडिलांनी मात्र त्या माणसाची बाजू घेतली, असे ब्रिजेसने पुढे सांगितले आहे. कॅमेऱ्यासमोर मुलांना वाचवायला शहाणा बाप होता, पोलीस होते, पटकथेत लिहून ठेवलेली सुटका होती. कॅमेऱ्याच्या मागे त्याच मालिकेतल्या मुलाला यातले काहीच मिळाले नव्हते.

ब्रिजेसच्या आयुष्याची हकिकत त्यानंतर अनेकदा सांगितली गेली आणि दर वेळी ती एकाच साच्यात बसवली गेली. लहानपणी कीर्ती, तरुणपणी अधःपात, मग पश्चात्ताप आणि शेवटी नवे आयुष्य. माणूस अखेर उभा राहतो म्हणून ऐकणाऱ्यालाही बरे वाटते. माझा आक्षेप या साच्याला आहे. त्यात पडणारा तोच आणि उठणाराही तोच. ज्यांनी त्याच्याकडून काम करून घेतले, ज्यांनी त्याचे पैसे हाताळले, ज्याने त्याच्यावर हात टाकला आणि ज्यांनी ते ऐकूनही मान फिरवली, ती सगळी मोठी माणसे गोष्टीतून निघून जातात. सावरलेल्या बालकलाकाराचे आयुष्य विजयगाथा म्हणून न वाचता साक्ष म्हणून वाचले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. खटला मोठ्यांवर आहे आणि हा त्यातला जिवंत राहिलेला साक्षीदार आहे.

साक्ष नीट समजण्यासाठी ती मालिका थोडी ठाऊक हवी. १९७८ च्या नोव्हेंबरात ती एनबीसी वाहिनीवर सुरू झाली आणि शेवटच्या वर्षी एबीसीवर जाऊन १९८६ मध्ये संपली. न्यूयॉर्कच्या पार्क अॅव्हेन्यूवर राहणारा एक श्रीमंत गोरा विधुर, त्याच्या घरी काम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईच्या मृत्यूनंतर तिच्या दोन मुलांना हार्लेममधून आपल्या घरी आणतो, अशी तिची कल्पना. धाकटा आर्नल्ड म्हणजे गॅरी कोलमन, थोरला विलिस म्हणजे ब्रिजेस, आणि त्या श्रीमंताची स्वतःची मुलगी किंबर्ली म्हणजे डेना प्लेटो. गोरे आणि काळे एका टेबलावर बसून जेवतात, हसतात, भांडतात हे चित्रच त्या वेळच्या अमेरिकेला हवेहवेसे होते. तिन्ही मुले देशभर ओळखीची झाली. पुढे तिघांचे जे झाले, त्यावर ‘मालिकेला शाप होता’ असे लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिले. ज्याची जबाबदारी कोणावर टाकायची नसते, त्याला माणसे शाप म्हणतात.

डेना प्लेटो १९८४ मध्ये मालिकेच्या मुख्य भूमिकेतून बाहेर पडली. त्या वेळी ती आई होणार होती. मग कामे मिळेनाशी झाली, पैसा गेला, दारू आणि गोळ्या आल्या. १९९१ मध्ये लास व्हेगसमधल्या एका व्हिडिओ दुकानात तिने छर्ऱ्यांची बंदूक दाखवून चोरी केली. हाती लागले १६४ डॉलर. दुकानातल्या बाईने पोलिसांना फोन केला तेव्हा चोराचे वर्णन करावे लागले नाही. टीव्हीवरची किंबर्ली एवढे सांगणे पुरले. सव्वीस वर्षांच्या त्या मुलीला जामिनावर सोडवण्यासाठी पैसे भरले ते वेन न्यूटन या गायकाने. त्यानंतरही पाय घसरत राहिले. ७ मे १९९९ रोजी ती हॉवर्ड स्टर्नच्या रेडिओ कार्यक्रमात आली आणि आपण आता नशेत नाही, असे सांगू लागली. फोन करणाऱ्या काही श्रोत्यांनी तिला खोटे पाडले, तिची टवाळी केली. तपासणीसाठी आपले केस द्यायलाही ती तयार झाली. दुसऱ्या दिवशी औषधांच्या अतिमात्रेने तिचा मृत्यू झाला. वय चौतीस.

या प्रसंगाशी मी बराच वेळ थांबतो, कारण सावरण्याच्या गोष्टीची हाव इथे उघडी पडते. प्लेटो त्या दिवशी नेमकी तीच गोष्ट सांगायला आली होती: मी पडले होते, आता उठले आहे. ऐकणाऱ्यांना पुरावा हवा होता. लहानपणी जिने हुकमावर हसून दाखवले, तिने आता हुकमावर बरे होऊन दाखवावे, अशी ती अपेक्षा. व्यसनातून बाहेर पडणारा माणूस पुन्हा पुन्हा घसरतो, हे डॉक्टर जाणतात आणि घरात व्यसनी माणूस असलेले लोकही जाणतात. प्रेक्षक म्हणून आपण ते मान्य करत नाही. आपल्याला एका बैठकीत पूर्ण होणारा उद्धार हवा असतो.

गॅरी कोलमनचे उदाहरण तर त्या साच्याला पुरते मोडून टाकते. त्याची पडझड व्यसनातून आली नव्हती. जन्मापासून त्याला मूत्रपिंडाचा आजार होता. दोन वेळा मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झाले. आजाराने आणि औषधांनी उंची चार फूट आठ इंचांवर थांबली आणि तीच थांबलेली उंची त्याच्या भूमिकेचे भांडवल झाली. मालिका जोरात असताना त्याला एका भागाचे एक लाख डॉलरपर्यंत मिळत. १९८९ मध्ये त्याने आपल्या दत्तक आईवडिलांवर आणि माजी व्यवस्थापकावर पैशांच्या अफरातफरीचा दावा लावला. १९९३ मध्ये न्यायालयाने त्याला १२ लाख ८० हजार डॉलर देवविले. १९९९ मध्ये त्याला दिवाळखोरी जाहीर करावी लागली. मधल्या काळात पोटासाठी तो सुरक्षारक्षकाची नोकरी करत होता आणि ती बातमीही लोकांना गमतीची वाटली. २०१० मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला. या मुलाने कोणता मोह आवरायचा होता? त्याची इच्छाशक्ती कुठे कमी पडली? अशक्त देह घेऊन आठ वर्षे त्याने काम केले आणि मोठा झाल्यावर स्वतःच्या पैशासाठी स्वतःच्याच घरच्यांविरुद्ध त्याला न्यायालयात उभे राहावे लागले.

माझ्या मते मूळ दुखणे इथे आहे. मूल कमावते झाले की घराची रचनाच पालटते. ज्या आईवडिलांनी मुलाच्या वतीने ‘नाही’ म्हणायचे, तेच मुलाच्या कामावर जगू लागतात. आई व्यवस्थापक होते, वडील एजंट होतात, घराचे हप्ते मुलाच्या करारावर बेतले जातात. मूल तापाने फणफणले असताना चित्रीकरण थांबवायचे की नाही, हा निर्णय ज्याने घ्यायचा, त्याचे उत्पन्न त्याच निर्णयावर अवलंबून असते. अशा घरात प्रेम नसते असे मी म्हणत नाही. पुष्कळदा भरपूर असते. पण मुलाच्या बाजूने निर्लेपपणे विचार करणारे कोणी उरत नाही. ब्रिजेसच्या घरी वडील मनोरंजन व्यवसायात एजंट होते, आई स्वतः अभिनेत्री आणि अभिनयाची शिक्षिका होती. मुलाने तक्रार केली ती ज्या माणसाबद्दल, तो मुलाच्या यशाचा, म्हणजे घराच्या मिळकतीचा एक भाग होता. बापाने मुलाला खोटे ठरवले, त्यामागे हे गणित नसेल असे मला वाटत नाही.

हे गणित अमेरिकेला फार आधीपासून ठाऊक होते. चार्ली चॅप्लिनच्या १९२१ च्या ‘द किड’मधला तो चिमुरडा, जॅकी कूगन, बालपणी तीस-चाळीस लाख डॉलर कमावून बसला. १९३५ मध्ये मोटार अपघातात वडील गेले, त्याच वर्षी तो एकवीस वर्षांचा झाला आणि आपले पैसे मागू लागला. आई आणि सावत्र वडिलांनी ते द्यायचे नाकारले. कायदा त्यांच्या बाजूने होता, कारण कॅलिफोर्नियात अज्ञान मुलाच्या कमाईवर पालकांचा हक्क मानला जाई. १९३८ मध्ये कूगनने दावा लावला. हाती आले ते सव्वा लाख डॉलरच्या आसपास. लोकांच्या संतापातून १९३९ मध्ये बालकलाकारांचा कायदा झाला, त्याला आजही कूगनचेच नाव आहे. पण ज्या करारांना न्यायालयाची मान्यता घेतली जाई, तेवढ्यांनाच तो लागू पडे. बाकीचे करार मोकळे राहिले. कूगनला पुढे ‘द अॅडम्स फॅमिली’मध्ये टक्कल केलेल्या अंकल फेस्टरचे काम मिळाले आणि नव्या पिढीने त्याला त्या रूपात ओळखले. तोही सावरला, असे म्हणता येईल. त्याचे गेलेले पैसे मात्र सावरले नाहीत.

आता ब्रिजेसकडे पुन्हा. मालिका संपली तेव्हा तो एकविसाव्या वर्षात होता. आठ वर्षे त्याला देशाने विलिस म्हणून पाहिले होते आणि विलिसचे काम संपले होते. सुतारकाम शिकलेल्या मुलाकडे मोठेपणी सुतारकाम असते. बालकलाकाराकडे जे असते ते वयाबरोबर निघून जाते: चेहऱ्याचा गोडवा, आवाज, उंची. ज्यावर सगळे प्रेम करत होते ते त्याच्या हातात राहत नाही. त्यात तो कृष्णवर्णीय तरुण. पडद्यावरच्या लाडक्या मुलाला रस्त्यावर गाडी चालवताना लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी वारंवार अडवले, छळले, असे त्याने सांगितले आहे. पार्क अॅव्हेन्यूवरचे ते सुखी कुटुंब पाहून खूश होणाऱ्या देशात त्याला प्रत्यक्षात काय वागणूक मिळत होती, हेही त्याच्या साक्षीचा भाग आहे. क्रॅक कोकेन आले, मेथ आले, ते विकणेही आले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस एका अमली पदार्थांच्या व्यापाऱ्यावर गोळी झाडल्याबद्दल त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा खटला उभा राहिला. नामवंत वकील जॉनी कॉक्रन यांनी त्याचे वकीलपत्र घेतले. मनोरंजन व्यवसायाने पिळून घेतलेला, व्यसनात लोटला गेलेला हा मुलगा आहे आणि त्याच्यावर नको तो गुन्हा लादला जातो आहे, अशी त्यांची मांडणी होती. ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून निर्दोष सोडले.

निर्दोष सुटून तो लगेच सुधारला नाही. पुन्हा नशा, पुन्हा अटक. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला उपचार घेऊन तो नशेपासून दूर झाला आणि दूर राहिला. पुढे तरुणांसमोर व्यसनाबद्दल बोलू लागला. २००१ मध्ये एका तळ्याकाठी चाकाच्या खुर्चीसह पाण्यात गेलेल्या एका अपंग बाईला त्याने आणि त्याच्या भावाने बाहेर काढले. वर्तमानपत्रांना ती बातमी साहजिकच आवडली. पुढच्या वर्षी एका वाहिनीने जुन्या प्रसिद्ध माणसांना मुष्टियुद्धात उतरवण्याचा कार्यक्रम केला, त्यात तो एका रॅप गायकाशी लढला आणि जिंकला. माजी बालकलाकारांसाठी बाजारात कोणत्या जागा शिल्लक असतात, ते यावरून कळावे. २००७ पासून ‘एव्हरीबडी हेट्स ख्रिस’ या मालिकेत त्याला मंक नावाच्या पात्राचे काम मिळाले. हे काम छोटे होते, पण ते मोठ्या माणसाचे होते, आणि मला ते महत्त्वाचे वाटते. २०१० मध्ये त्याचे आत्मकथन आले. ‘किलिंग विलिस’ हे त्याचे नाव, म्हणजे विलिसला मारणे. स्वतः जगण्यासाठी त्याला आधी लोकांच्या लाडक्या मुलाला संपवावे लागले.

तिघांपैकी तोच का वाचला? याचे पूर्ण उत्तर कोणाकडेच नसणार. योगायोगाचा वाटा मोठा आहे. पण त्याच्या हकिकतीत काही गोष्टी स्पष्ट दिसतात. लहानपणी त्याचे म्हणणे खरे मानणारे एक माणूस घरात होते, त्याची आई. न्यायालयात त्याच्या बाजूने बोलणारा वकील फार मोठा होता. उपचार मिळाले, आणि घसरल्यावर पुन्हा मिळाले. आपल्यावर काय झाले आणि ते कोणी केले, हे उघडपणे बोलायची संधी मिळाली. आणि कीर्ती नसलेल्या साध्या कामावर जगायची त्याने तयारी ठेवली. यातली फक्त शेवटची गोष्ट त्याच्या एकट्याच्या हातातली होती. ड्रू बॅरीमोरचे उदाहरणही असेच बोलके आहे. सातव्या वर्षी ‘ई. टी.’मधून जगप्रसिद्ध झालेली ही मुलगी तेराव्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात होती. चौदाव्या वर्षाच्या सुमारास न्यायालयाने तिला आईवडिलांपासून कायद्याने स्वतंत्र ठरवले. तिची नंतरची यशस्वी कारकीर्द सगळ्यांना माहीत आहे. तिच्या सावरण्याची पहिली पायरी न्यायालयाचा आदेश होती, हे मात्र क्वचित सांगितले जाते.

यावर कोणी म्हणेल की कायदा आणि वकील कोणाला नशेतून सोडवत नाहीत, रोज सकाळी तो निश्चय ज्याचा त्यालाच करावा लागतो. खरे आहे. ब्रिजेसने तो तीस वर्षांहून अधिक काळ केला आहे आणि त्याचे मोल मी तिळमात्र कमी करत नाही. पण निश्चय करायला पायाखाली जमीन लागते. ज्याला परतायला घर नाही, ज्याची कमाई इतरांनी संपवली आहे, ज्याच्या तक्रारीवर कोणी विश्वास ठेवलेला नाही, त्याच्या निश्चयाची उंची मोजत बसणे अन्यायाचे आहे. वाचलेल्याच्या इच्छाशक्तीची स्तुती करताना आपण नकळत गेलेल्यांना दुबळे ठरवतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. कितीतरी बालकलाकार नीट मोठे झाले, मग दोष व्यवस्थेचा कसा? रॉन हॉवर्ड सहाव्या वर्षापासून अमेरिकन टीव्हीवर होता आणि पुढे नामांकित दिग्दर्शक झाला. आपल्याकडे आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या ‘श्यामची आई’मधले श्याम, माधव वझे, पुढे इंग्रजीचे प्राध्यापक झाले, नाट्यदिग्दर्शक आणि समीक्षक म्हणून पुण्यात मानाने जगले. ज्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, त्यातला मुख्य मुलगा शाळेत परतला, शिकला आणि आपल्या आवडीच्या क्षेत्रात मोठेपणी स्वतःच्या पायांनी आला. ही उदाहरणे माझ्या म्हणण्याला बळच देतात. हॉवर्डचे वडील स्वतः काम करणारे नट होते आणि मुलांच्या कमाईवर घर चालवायचे नाही, ही त्या घराची रीत होती, असे त्याने आणि त्याच्या भावाने आठवणींत लिहिले आहे. वझे यांच्या बाबतीत चित्रपट हा बालपणातला एक प्रसंग राहिला, ते घराचे उत्पन्न झाले नाही. अभिनयाने मुलांचे वाटोळे होत नाही. मूल घराचा पोशिंदा झाले की धोका सुरू होतो.

कॅलिफोर्नियाने हे हळूहळू ओळखले, आणि दर वेळी कोणाचे तरी बालपण खर्ची पडल्यावर. १९९० मध्ये रस्टी हॅमर या माजी बालकलाकाराच्या आत्महत्येनंतर पॉल पीटरसन या दुसऱ्या माजी बालकलाकाराने अशा मुलांसाठी ‘अ मायनर कन्सिडरेशन’ ही संस्था काढली आणि कायदा बदलण्यासाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २००० पासून तिथे मुलाची कमाई मुलाच्या मालकीची मानली जाते आणि निर्मात्याला तिच्यातले १५ टक्के थेट वेगळ्या खात्यात टाकावे लागतात. २०१३ पासून बालकलाकारांचे व्यवस्थापन, प्रशिक्षण, प्रसिद्धी सांभाळणाऱ्यांना बोटांचे ठसे देऊन, पूर्वचारित्र्य तपासून घेऊन परवाना काढावा लागतो. प्रसिद्धी सांभाळणारा माणूस! ब्रिजेसच्या तक्रारीनंतर जवळजवळ साडेतीन दशकांनी कायद्याने त्या दाराला कडी घातली. २०२४ मध्ये घरगुती व्हिडिओंतून कमाई करणाऱ्या कुटुंबांतल्या मुलांनाही त्यांचा वाटा मिळावा, असा कायदा आधी इलिनॉयमध्ये लागू झाला आणि मग कॅलिफोर्नियानेही तसा कायदा केला.

आपल्याकडची स्थिती पाहायला हवी, कारण हिंदी आणि मराठी चित्रपट-मालिकांचे मोठे काम मुंबईत चालते. अभिनेत्री डेझी इराणी यांनी साठी उलटल्यावर, २०१८ मध्ये, जाहीरपणे सांगितले की १९५७ च्या ‘हम पंछी एक डाल के’ या चित्रपटाच्या मद्रासमधल्या चित्रीकरणाच्या वेळी, सहा वर्षांच्या असताना, त्यांच्या देखरेखीसाठी सोबत दिलेल्या माणसानेच त्यांच्यावर बलात्कार केला होता. सहा दशके ते मनात ठेवून त्या जगल्या. ब्रिजेसची आणि त्यांची हकिकत शेजारी ठेवली तर देश, भाषा, काळ सगळे वेगळे. मुलापर्यंत पोचण्याची वाट मात्र एकच: कामाच्या निमित्ताने घरच्यांनी विश्वासाने नेमलेला माणूस.

२०१६ मध्ये बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना काम करायला बंदी, पण चित्रपट, मालिका, जाहिराती यांतल्या कलाकार मुलांना सवलत, अशी ती आहे. २०१७ च्या नियमांनी या सवलतीला अटी घातल्या. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याच्याकडून काम करून घ्यायचे नाही. उत्पन्नातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवा. कागदावर हे नियम चांगले आहेत. ठेवीचा आकडा तर कॅलिफोर्नियाहून मोठा आहे.

उणीव दोन ठिकाणी आहे. उरलेल्या ८० टक्क्यांचा हिशेब मुलाला मोठेपणी मागता येईल, अशी सोय या नियमांत नाही. आणि हे सगळे संरक्षण चौदाव्या वाढदिवसाला संपते. ‘डिफरंट स्ट्रोक्स’ सुरू झाली तेव्हा ब्रिजेस तेरा वर्षांचा होता. आपले नियम त्याला लागू केले असते, तर मालिकेच्या आठ वर्षांपैकी पहिले काही महिने सोडून उरलेली सगळी वर्षे तो त्या संरक्षणाबाहेर राहिला असता. आवाज फुटतो, चेहरा बदलतो, कामे कमी होऊ लागतात, नशा पहिल्यांदा हाताशी येते, ती हीच वर्षे. दैनंदिन मालिकेला रोज एक भाग लागतो आणि चित्रीकरण बारा-बारा तास चालते. त्या गाड्यात पंधरा वर्षांच्या मुलीची शाळा, झोप आणि इच्छा यांची काळजी करण्याचे काम आज कोणाच्याही नोकरीचा भाग नाही. शिवाय आता सेटही लागत नाही. स्वयंपाकघरात मोबाइल उभा करून पाच वर्षांच्या मुलाला पुन्हा पुन्हा तोच संवाद म्हणायला लावणारे घर कोणत्या जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करते?

या नियमांची वयोमर्यादा अठरा करावी. मुलाची सगळी कमाई कायद्याने मुलाचीच मानावी आणि पालकांनी तिचा वार्षिक हिशेब द्यावा. मुलाच्या देखरेखीसाठी सेटवर नेमलेल्या व्यक्तीचा पगार निर्माता आणि पालक या दोघांकडूनही येऊ नये, तो एका स्वतंत्र निधीतून यावा आणि चित्रीकरण थांबवण्याचा अधिकार तिला असावा. मुलाच्या कामाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक प्रौढाचे पूर्वचारित्र्य तपासले जावे. आपल्या राज्यातल्या निर्मात्यांच्या आणि कलाकारांच्या संघटनांनी कायद्याची वाट न पाहता हे आजपासून करारात लिहावे. त्यांना कोणी अडवलेले नाही. ‘डिफरंट स्ट्रोक्स’च्या पहिल्या पर्वातल्या पाच मुख्य कलाकारांपैकी आज एकटा टॉड ब्रिजेस हयात आहे आणि तो अजून बोलतो आहे. पुढच्या वेळी त्याच्यासारख्या कोणाची मुलाखत तुमच्यासमोर आली, तर तो कसा सावरला हे विचारण्याआधी त्याला कोणी पाडले हे विचारा, आणि त्या माणसांची नावे नीट ऐका.